नकाशातली बाग

"यातलं तुझं काय आहे?" माथुर साहेबांनी विचारलं.

टेबलावर माझ्या सगळ्या शीट पसरल्या होत्या. सांगानेरकडच्या एका कॉलनीचा लेआउट, एका शाळेचा साइट प्लॅन, वैशाली नगरातल्या एका तुकड्याचे रस्ते, एका बाजाराचं पार्किंग. कुठे रेघ जाड नाही, कुठे बारीक नाही. दोन रेघा मिळतात त्या कोपऱ्यात शाईचं टिंब साचलेलं नाही. मी म्हणालो, "सगळंच माझं आहे, सर."

"काढलंयस तू. ते मला दिसतंय. पण हा रस्ता इथून वळवायचा, हे कुणी ठरवलं?"

"तुम्ही."

"शाळेचं गेट मागच्या गल्लीत का?"

"तुम्हीच सांगितलं होतं, सर."

"मग हा तर माझा पोर्टफोलिओ झाला, बेटा! मला घेतील आता कोर्सला, या वयात."

साहेब हसले. इंटरव्ह्यू महिनाभरावर होता आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

पोर्टफोलिओ म्हणजे आपल्या कामाचे निवडक नमुने एका मोठ्या फोल्डरमध्ये लावून दाखवायचे. नगररचनेच्या विद्यार्थ्यांना तो लागतोच. आजकालची मुलं तो कॉम्प्युटरवर करतात. ऐंशीच्या दशकात जयपूरला आम्ही काळ्या रेक्झिनचं फोल्डर सायकलच्या दांड्याला बांधून न्यायचो. फक्त मी विद्यार्थी नव्हतो. सगळी अडचण तिथेच होती.

मी अमळनेरचा. दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, वेस्टर्न रेल्वेत. त्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा ताईला दिवस गेलेले होते. सोबतीला कुणीतरी हवं म्हणून घरच्यांनी मला पाठवलं. "दोन-चार महिन्यांचं तर आहे, शाळा काय पळून जाते?" असं सगळे म्हणाले. शाळा पळून गेली. इथल्या शाळेत सगळं हिंदीत. गणितापर्यंत निभावलं, पुढे निभेना. नववीच्या आतच दप्तर बंद झालं. माझं अक्षर चांगलं होतं, तेवढ्या भांडवलावर दाजींनी ओळखीने मला माथुर साहेबांच्या ऑफिसात चिकटवलं. साहेब आर्किटेक्ट आणि प्लॅनर. मी ट्रेसर झालो. नंतर दाजींची बदली अहमदाबादकडे झाली, ताई गेली, क्वार्टर गेलं. मी नोकरीसाठी मागे राहिलो.

ट्रेसरचं काम सांगतो. साहेब पेन्सिलने नकाशा काढणार. त्यावर अर्धपारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि खालची रेघ शाईने वर उतरवायची. मग त्या कागदावरून अमोनियाच्या मशीनवर हव्या तेवढ्या प्रिंट निघतात. आमचे हेड ड्राफ्ट्समन शर्माजी. त्यांनी पहिल्या दिवशी मला एकच धडा दिला. "नीचे जो है, वही ऊपर. दिमाग घर पे रखके आना." चांगल्या ट्रेसरची खूण म्हणजे कुणी काढलंय ते कळता कामा नये. हात दिसला की ट्रेसर कच्चा. खालच्या कागदावर चूक दिसली तरी तीच उतरवायची. फार तर शेजारी पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह करायचं. त्याचं उत्तर द्यायला वर माणसं असतात. शेवटी फेअर शीट देताना पेन्सिल सगळी पुसायची.

इतकी वर्षं मी हेच करत आलो होतो. आणि आता साहेब ऑफिस बंद करून मुलाकडे दिल्लीला चालले होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मॅट्रिक नसलेल्या ट्रेसरला दुसरीकडे दारातही उभं करत नव्हते. मी चार ठिकाणी विचारून आलो होतो. साहेबांनीच शोधून काढलं की एका संस्थेत प्लॅनिंग असिस्टंटचा सर्टिफिकेट कोर्स आहे. मॅट्रिक नसलं तरी कामाचा अनुभव असेल आणि पोर्टफोलिओ पसंत पडला तर घेतात. हा कोर्स झाला असता तर मला कुठेही नोकरी मागता आली असती. नाही झाला तर अमळनेरला परत जाऊन काय करणार, हा विचार मी करतच नव्हतो. केला की हाताला घाम यायचा, आणि ट्रेसरच्या हाताला घाम चालत नाही. मी मनगटाखाली पावडर लावलेला रुमाल ठेवूनच काम करायचो.

"असं कर," साहेब म्हणाले. "या चार-पाच शीट राहू दे, हाताची सफाई दिसेल. पण एक शीट तुझी स्वतःची पाहिजे. एखादा भाग घे, हिंड, मापं घे, आणि तिथे आज जमिनीवर काय काय आहे ते दाखव. एक्झिस्टिंग लँड यूज. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, शाळा-दवाखाने लाल, बागा हिरव्या. रंग तुला माहीतच आहेत. तुला नीट ठाऊक असलेलाच भाग घे."

मग ते सामानाची व्यवस्था लावायला दिल्लीला गेले. सल्ला उत्तम होता. चूक पुढे झाली.

मला नीट ठाऊक असलेला भाग एकच होता. क्वार्टर गेल्यावर राजा पार्कच्या मागे, टेकडीच्या अंगाला एक वस्ती होती, तिथे मी खोली घेतली होती. दगड-मातीच्या भिंती, वर पत्रे. जयपुरात अशा वस्तीला कच्ची बस्ती म्हणतात. मालकीण भंवरी काकी. नवरा ट्रकवर, बहुतेक वेळ बाहेर. काकी लाखेच्या बांगड्या वळायची आणि वळता वळता सगळ्या गल्लीवर नजर ठेवायची. मी मुंबई आजवर पाहिलेली नाही, पण तिच्यासाठी आणि सगळ्या वस्तीसाठी मी ‘बंबई वाले भैया’ होतो.

मी ऑफिसातून त्या भागाच्या सरकारी नकाशाची प्रिंट घेतली. ती बेस शीट. म्हणजे जिच्यावर पुढचं सगळं चढवायचं ती. सकाळी कामावर जायच्या आधी टेप घेऊन हिंडायला लागलो. राजा पार्कचा बाजार व्यवस्थित जुळला. दुकानं, चाटवाले, गुरुद्वाऱ्याकडची गल्ली, मागचे बंगले. मग मी टेकडीकडे वळलो, आणि बेस शीट तिथे हिरवी होती. आमची सगळी वस्ती जिथे आहे तिथे नकाशात बाग. छापलेलं नाव, ‘पार्क’. कडेने झाडांचे गोल गोल.

टेप बघून लोक गोळा झाले.

"कौन से डिपार्टमेंट से हो?" एकाने विचारलं. रोज नळावर माझ्या मागे उभा असणारा माणूस.

"डिपार्टमेंट कसलं! मी इथलाच ना."

"टेप तर सरकारी दिसते."

"पट्टा मिलेगा क्या?" दुसरा. पट्टा म्हणजे जागा आपली असल्याचा सरकारी कागद. ज्याच्या-त्याच्या तोंडी तेव्हा तोच शब्द असायचा.

"अरे, हा बिचारा स्वतःच भाड्याने राहतो," काकी आतून ओरडली, "तुम्हाला काय पट्टा देणार!" मग ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्या प्रिंटवर वाकली. "म्हारो घर कठे?"

मी बोट ठेवलं. "इथे."

"यह तो हरा है."

"सरकारी नकाशात इथे बाग आहे, काकी."

ती क्षणभर बघत राहिली आणि मग इतकी हसली, की पदर तोंडाला लावावा लागला. "ऐ सुनो रे! आपण बागेत राहतो! भैयाने नकाशात बघितलं!" संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं. नळावर माणसं एकमेकांना म्हणू लागली, "माली साहेब, गुलाबाला पाणी घातलंत का?" सांडपाण्याच्या नालीशी बसून कुणी तरी म्हणालं, "हे कारंजं." मीही हसलो. माझ्या त्या दिवसांतलं तेवढंच हसू.

आता प्रश्न होता, शीटवर काय काढायचं. मी वस्तीच्या जागी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं आणि शर्माजींना विचारलं.

"बेस शीटवर शंका?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "शहर तू बसवलंस काय?"

"पण शर्माजी, तिथे घरं आहेत. मी तिथे राहतो."

"अरे, घरं मंजूर आहेत का?"

"नाही."

"मग? मंजूर नाही ते इंकमध्ये कसं येणार? परीक्षेला नेणार आहेस, अतिक्रमण दाखवून ये! म्हणतील, याला नकाशा वाचता येत नाही."

मला ते पटलं. मनातून पटलं, हे सांगायला हवं. घाबरून मानलं असं नाही. कागदावर छापलेलं एका बाजूला आणि डोळ्यांनी दिसलेलं दुसऱ्या बाजूला असेल, तर चूक डोळ्यांची, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. दिमाग घरी ठेवून यायचं. आणि घर तर नकाशात नव्हतंच.

दोन रविवार ऑफिसच्या टेबलावर बसून मी शीट काढली. ट्रेसिंग पेपरला रंग मागच्या बाजूने देतात, म्हणजे पुढची शाई फिसकटत नाही. रंगीत पेन्सिलीची पूड ब्लेडने खरवडायची आणि कापसाने चोळत न्यायची. एकसारखी पातळ छटा यायला हवी, कुठे ढग दिसता कामा नये. बाजार निळा झाला, बंगले पिवळे. हिरवा मी सगळ्यात शेवटी भरला. तो सगळ्यात सुंदर उतरला होता. झाडांचे गोल मी हाताने काढले, स्टेन्सिल वापरली नाही. म्हटलं, या शीटमध्ये एवढं तरी माझं असू दे. मग पेन्सिलच्या सगळ्या खुणा रबराने पुसल्या. प्रश्नचिन्हही.

इंटरव्ह्यूला तिघं होती. एक निवृत्त टाउन प्लॅनर, ते अध्यक्ष. एक मॅडम, त्या संस्थेत शिकवायच्या. तिसरे नुसते लिहून घेत होते. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून शीटच्या कोपऱ्यांवर दगड ठेवलेले होते. अध्यक्षांनी पहिली शीट उचलून उजेडाकडे धरली.

"हे हाताने केलंय? वा. असं ट्रेसिंग हल्ली दिसत नाही."

माझ्या जिवात जीव आला. वाटलं, झालं काम. मॅडम मात्र माझ्या सर्व्हेच्या शीटवर वाकल्या होत्या.

"ही बाग कुठली?"

"राजा पार्कच्या मागची, मॅडम."

"राजा पार्कला मी भाजीला जाते. मागे बाग आहे?"

"नकाशात आहे, मॅडम."

"मी नकाशाचं विचारत नाही. तिथे काय आहे?"

मी म्हणालो, "घरं आहेत."

"थोडी?"

"पुष्कळ."

"सर्व्हे तुम्ही स्वतः केला?"

"हो. टेपने मापं घेतली. सगळी बरोबर आहेत, मॅडम."

"मापं बरोबरच असतील. शीटचं नाव वाचा बरं."

"एक्झिस्टिंग लँड यूज."

"एक्झिस्टिंग म्हणजे?"

"जे आहे ते."

"मग एवढी घरं तुम्हाला दिसली नाहीत?"

"दिसली. मी प्रश्नचिन्ह केलं होतं, मॅडम. पेन्सिलने."

"कुठे आहे?"

"पुसलं. फेअर शीटवर पेन्सिल ठेवत नाहीत."

तिसऱ्या साहेबांचं लिहिणं थांबलं. मॅडम रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी शीट माझ्याकडे फिरवली. "तुम्ही कुठे राहता?"

मी बोट ठेवलं. घामाचा ठसा हिरव्यावर उमटला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शीटवर डाग पडला.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे तू बागेत राहतोस?" यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. भंवरी काकीला याचं उत्तर देता आलं असतं, आणि सगळे हसलेही असते.

"भाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुझा हात फार चांगला आहे. पण या कोर्सला आम्ही डोळे तपासतो."

बाहेर आलो तेव्हा ऊन रणरणत होतं. सायकलचं हँडल हातात धरवेना. मी फोल्डर दांड्याला बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. कुठे जायचं ते सुचत नव्हतं. मागून मॅडम आल्या. म्हणाल्या, "यंदा होणार नाही. पण हीच एक शीट पुन्हा करा. तुमची खोली, शेजाऱ्याची खोली, नळ, वाटा, सगळं. ते घेऊन पुढच्या वर्षी या. मी बसलेली असेन." त्यांना हे सांगण्याची काही गरज नव्हती. उन्हात उभं राहून त्यांनी ते सांगितलं. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

माथुर साहेब दिल्लीहून परतले. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "चूक माझी. मी तुला नुसता हात चालवायला सांगितलं, इतकी वर्षं." असं म्हणणारा मालक मी पुन्हा पाहिला नाही. जाण्याआधी त्यांनी मला एका अमोनिया प्रिंटच्या दुकानात लावून दिलं. अंधारी खोली, डोळ्यांतून पाणी काढणारा वास आणि दिवसभर दुसऱ्यांचे नकाशे. पण पोट भरत होतं. शर्माजी दुसऱ्या ऑफिसात लागले. ते मॅट्रिक होते.

मी शीट पुन्हा केली. वर्षभर केली. कोणतं घर दगडी, कोणतं मातीचं, कुणाच्या ओट्यावर शिलाई मशीन आहे, नळापासून बाजाराकडे पायांनी पडलेली वाट कशी वळते, नाली कुठे तुंबते, सगळं. बाया मला हाका मारून चुका दाखवायच्या. "भैया, माझं दार उगवतीला आहे, तू मावळतीला काढलंस!" मी खोडून नीट करायचो. खालच्या कागदाशी त्या शीटमधलं काही जुळत नव्हतं. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम. एवढं मला ट्रेसर म्हणूनही कळत होतं.

पुढच्या वर्षी अर्ज आणायला गेलो तर खिडकीतला कारकून म्हणाला, "मॅट्रिक का सर्टिफिकेट?"

"अनुभव आहे. पोर्टफोलिओ आहे."

"वह पिछले साल तक था. नियम बदल गया."

मी मॅडमचं नाव सांगितलं. त्यांच्या हातात नियम नव्हता. त्या बाहेर आल्या, त्यांनी शीट उघडली, तिथेच व्हरांड्यात उभं राहून शेवटपर्यंत बघितली. "हे बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या. मग गुंडाळून परत दिली. त्यांचाही चेहरा पडला होता. मीच त्यांना "काही हरकत नाही, मॅडम" म्हणालो.

काही वर्षांनी वस्तीला जागा खाली करायच्या नोटिसा लागल्या. लोक माझ्याकडे आले. मी त्या शीटच्या प्रिंट काढून दिल्या. चार जाणती माणसं त्या घेऊन सरकारी ऑफिसात गेली, की बघा, ही घरं आहेत, कुणाची कुठे आहेत ते सगळं यात आहे. तिथल्या साहेबांनी प्रिंट उलटसुलट केली आणि विचारलं, "यावर सही कुणाची?" सही कुणाचीच नव्हती. मला सही करायचा अधिकार नव्हता. तो त्या कोर्सने मिळाला असता की नाही, तेही मला नक्की माहीत नाही.

वस्ती उठली. काहींना सांगानेरच्या पलीकडे प्लॉट मिळाले, काहींना नाही. भंवरी काकी नवऱ्याबरोबर टोंककडे गेली. मी प्रिंटच्या दुकानाजवळ दुसरी खोली घेतली. पुढे त्या जागेवर कुंपण आलं, झाडं लावली गेली. आज तिथे बाग आहे. माझी पहिली शीट आता कुणी तपासली तर एकही चूक निघणार नाही.

मी अजून त्याच धंद्यात आहे. अमोनिया गेला, कॉम्प्युटरवरून मोठे नकाशे छापणारा प्लॉटर आला. नगररचनेचे विद्यार्थी पोर्टफोलिओ छापायला येतात. रंग फार सुंदर असतात त्यांचे. पैसे देताना कधी कुणी विचारतं, "अंकल, कसं झालंय?" तेव्हा मी एवढंच सांगतो, की ‘एक्झिस्टिंग’ आणि ‘प्रपोज्ड’, म्हणजे आज आहे ते आणि पुढे करायचं ठरलंय ते, या दोन शीट वेगळ्या ठेवा. ते ऐकून मुलं हसतात, कारण हे तर पहिल्याच वर्षी शिकवतात. मी पहिल्या वर्षाला कधी गेलो नाही.